रोगट बाभळीचे आरे

मी सुताराच्या घरात सून म्हणून आले तेव्हा त्या घराला बैलगाडी नव्हती. गावातली एकूण एक गाडी माझ्या सासऱ्यांच्या हातची, आणि आम्ही मात्र बाजाराला पायी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. बलुत्याची रीतच तशी होती. बांधावरची चांगली बाभूळ ज्याची त्याच्या गाडीला, नांगराला लागायची. सुतारानं घरासाठी घ्यायचं ते कुणाला नको असलेलं लाकूड. आबांना त्यात काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं, पण नव्या सुनेला कोण विचारतो!

अशी कुणाला नको असलेली एक बाभूळ तेरणेच्या काठाला होती. तिच्या पाल्याला रोग लागला होता. पावसाळा सरता सरता पानांवर तांबूस ठिपके यायचे, मग पाला करपून गळायचा आणि दसऱ्यालाच ती उघडी पडायची. पुन्हा फुटायची, पुन्हा करपायची. झाडाची चूल पाल्यात असते. ती चूलच पेटेना, तर बुंधा काय खाऊन जाडावणार? आजूबाजूच्या बाभळी माझ्या डोळ्यांदेखत वाढल्या, ही होती तेवढीच राहिली. शेवटी शेतकरी कंटाळून आबांना म्हणाला, तोडून ने, सरपण तरी होईल.

आबांनी तिचं सरपण केलं नाही. बुंधा आडवा कापल्यावर त्यांनी मला हाक मारून दाखवला. आतली वर्षावर्षाची कडी ऐसपैस होती, झाड धडधाकट होतं तेव्हाची. बाहेरची वर्षं मात्र एकमेकांना चिकटलेली, मध्ये नख शिरू नये अशी. सावकाश वाढलेलं लाकूड टणक, हे आबांचं जन्मभराचं माप होतं, आणि माळावरच्या निरोगी बाभळीला ते लागूही पडायचं. सावकाश वाढणं वेगळं आणि उपाशी राहणं वेगळं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी ओंडका रिवाजाप्रमाणे डोहाच्या चिखलात पुरून मुरवला, सावलीत वाळवला आणि त्या बाहेरच्या लाकडातून चाकाचे आरे काढले. चाकाच्या मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत जाणारे हे दांडेच सगळा भार पेलतात. लाकूड हाताला हलकं लागतंय, असं माझे यजमान रंधा मारताना म्हणाले होते. चांगलं वाळलंय म्हणून हलकं, असं म्हणून आबा हसले. घरची पहिली गाडी होत होती, त्यांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

चैत्रात गाडी उभी राहिली. माझी नणंद तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळाला घेऊन मी याच गाडीतून सासरी जाणार, असं ती आबांना रोज बजावायची आणि आबा रोज त्या चाकांना तेल चोळायचे.

येरमाळ्याची जत्रा आली आणि गाव रिकामं झालं. सगळ्या गाड्या देवीला गेल्या. नेमकं तेव्हाच, दिवस भरायच्या आत, नणंदेच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, बार्शीला न्या. आम्ही मोगलाईतले, बार्शी इंग्रज हद्दीत. मोठा दवाखाना तिथंच. ढोकीला दुपारची रेल्वे गाठली तर पोचता येणार होतं. शेजाऱ्यानं मागं ठेवलेली म्हातारी बैलजोडी जुंपून आम्ही निघालो. आबा हाकत होते, यजमान चाकापाशी चालत होते आणि नणंदेचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खाली अंथरलेलं धडुतं भिजत होतं.

ओढ्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं. एक आरा मोडला, मग शेजारचा, आणि गाडी एका अंगावर बसली. चांगली बाभूळ मोडते तेव्हा तिच्या लांब चिंध्या निघतात, मोडता मोडता ती माणसाला सावरायला वेळ देते. हे आरे काकडीसारखे सरळ तुटले होते. आबांनी एक तुकडा उचलला, तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि खाली टाकला. यजमान गाडी शोधायला तेरच्या वाटेनं पळत सुटले. आबा लिंबाची ओली फांदी तोडून चाकाला बांधू लागले. बांधायचे, सुटायची, पुन्हा बांधायचे. मला ते बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायला जागाही नव्हती.

लांबून रेल्वेची शिटी ऐकू आली.

“वैनी, गेली का गं गाडी?” नणंदेनं विचारलं.

“न्हाय, यायचीय अजून,” मी म्हणाले.

त्यावर ती जरा शांत झाली. कलंडलेल्या गाडीच्या सावलीतच तिला मुलगी झाली. मुलगी रडली, मी तिला पदरात गुंडाळलं, पण आईचं रक्त काही थांबेना. मी देवीला विनवलं, मग शिव्या दिल्या. यजमान गाडी घेऊन आले तोवर नणंदेचा हात माझ्या हातात गार पडला होता. जत्रेहून परतणारी ती गाडी आबांच्याच हातची होती, पोलादासारख्या काळ्या बाभळीची. तिच्यातून आम्ही घरी आलो. वाटेत चाकं साधी कुरकुरलीसुद्धा नाहीत. त्या चाकांचा मला आला तेवढा राग पुढं कधी माणसाचाही आला नाही.

आबांनी बरेच दिवस हत्याराला हात लावला नाही. मग एकदा ते उठले आणि अंगणातली बाभळीची फळी कापायला घेतली. ज्यानं आम्हाला रोगट झाड दिलं होतं, त्याच शेतकऱ्यानं ती नांगरासाठी आणून टाकली होती, निव्वळ काळाभोर गाभा. आबांनी तिचा पाळणा केला.

पेरणीच्या तोंडावर शेतकरी नांगर न्यायला आला. फळी कुठंय म्हणून त्यानं विचारलं, तसा आबांनी त्याला आत बोलावून पाळणा दाखवला. पोर झोपली होती.

“घरात लागली,” आबा म्हणाले. “आधीच लागाया पायजे व्हती.”