अक्काच्या गळ्याचं माप

गुरुवार, सहा फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा. हेब्बाळमधलं एक स्कॅन सेंटर. हजर: माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, भावजी, स्कॅन करणाऱ्या डॉक्टर मॅडम, आणि फाइल घेऊन मी.

अक्काची थायरॉईडची ग्रंथी सुजली आहे. वर्षापूर्वी थ्री-डी सोनोग्राफीत तिचं आकारमान बावीस मिलिलिटर भरलं होतं. सर्जननी सांगितलं होतं, तेवढंच असेल तर थांबू, वाढलं असेल तर ऑपरेशन. ऑपरेशनात आवाजाची नस दुखावण्याची थोडी भीती असते. अक्का येलहंक्याच्या शाळेत शिकवते. आवाज गेला तर वर्गही गेला.

नंबर येईपर्यंत मी रिपोर्ट तारखेनुसार दोनदा लावले आणि काउंटरवर तीनदा विचारून आले.

"अगं, स्वल्प बस की," अक्का म्हणाली. "गळा माझा सुजलाय, फेऱ्या तुझ्या!"

आत मॅडमनी तिच्या गळ्यावर प्रोब धरला. "आता गिळू नका." यंत्रानं ग्रंथीचे एकामागून एक काप टिपले. मग मॅडम पडद्यावर प्रत्येक कापावर ग्रंथीची कड हातानं आखत गेल्या. खालच्या बाजूला कड पुसट होती. आकडा आला, सत्तावीस.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी लगेच फाइल पुढे सरकवली. "मागच्या वेळी बावीस होतं, मॅडम."

"हो का?" मॅडम पडद्यावर मागच्या कापांकडे गेल्या, पुसट कड जरा आत घेतली. तेवीस. "सरी, ठीक आहे. विशेष फरक नाही."

बाहेर येताच अक्कानं शाळेत फोन लावला. "ऑपरेशन रद्द! माझे तास कुणाला देऊ नका." भावजींनी वडे मागवले. मीही दोन खाल्ले आणि पीण्या भागात कामावर गेले.

आमच्या कारखान्यात मी तपासणी विभाग बघते. एकच शाफ्ट दोघांनी मोजायचा आणि पहिल्याचं माप दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा माझाच नियम. दुपारी दोन जुने इन्स्पेक्टर एकाच कागदावर मापं लिहिताना सापडले.

"दुसऱ्याला आकडा का दाखवला?"

"पण मॅडम, दोन्ही मापं जुळली ना!"

"म्हणूनच! आकडा माहीत असला की हात तिकडेच जातो," मी म्हणाले, आणि सकाळी मॅडमपुढे सरकवलेली फाइल आठवली.

सत्तावीसच खरं, असंही म्हणता येत नाही. मागच्या बावीसचीही कड कुणीतरी हातानंच आखली असणार. पण तेवीस मी तिथे बसून मिळवलं होतं.

संध्याकाळी मी सेंटरला फोन केला. दुसऱ्या डॉक्टरांनी मोजायचं, दोनदा, मधे प्रोब उचलून, आणि जुना रिपोर्ट कुणी बघायचा नाही. त्यांनी सोमवारी नऊची वेळ दिली. सर्जनकडे निरोप ठेवला, त्यांनी निर्णय थांबवलाय. भावजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "तूच सांग बाई तिला. मला जमणार नाही."

आज शनिवार. सकाळपासून अक्काचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा ती शाळेच्या गॅदरिंगबद्दल भरभरून बोलली, निवेदन तिनं स्वतःकडे घेतलंय. सोमवारचं तिला सांगायचं राहिलंय.