माझा चिरा आणि चौथी जागा

आमच्या घरात राक्षस आणले ते माझ्या दिराने. मोबाईलमधले राक्षस. त्यांना वाढवायचं, डावपेच शिकवायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंजवायचं असा तो खेळ आहे. दर रविवारी दुपारी भावजी आणि त्यांचे तीन मित्र आमच्या पडवीत बसून झुंजी लावायचे. आमच्याच पडवीत, कारण इथे रेंज चांगली आणि चहा फुकट. भावजी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत. ते मला अगं-तुगं करतात आणि मी त्यांना अहो-जाहो करते. या व्यवस्थेत चूक काय, असं कोणाला विचारलं तर लोक माझ्याकडेच चमत्कारिक नजरेने बघतील.

मी शाळेत गणित शिकवते. चहा देताना एकदा सहज डोकावले, तर भावजी कोणाचा घाव किती लागेल याचा हिशेब मोठ्याने करत होते आणि गुणाकार चुकत होते. सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, हे तुझं शाळेतलं गणित नाही." त्या संध्याकाळी मी माझ्या फोनवर तो खेळ घेतला.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाने आपल्या राक्षसांतले चार उतरवायचे. दोघांनी एकाच वेळी आपली चाल ठरवायची, पण ज्याचा राक्षस वेगवान त्याचा घाव आधी बसतो. त्यामुळे या मंडळींकडे सगळे चपळच. पंखवाले, विजेचे, वाऱ्याचे, नुसती फडफड. गंमत मला याची वाटायची की आमच्या कोकणातल्या गावात दुकानदार जेवून शटर ओढतो तो चार वाजता डोळे चोळत उघडतो, प्लंबर "सकाळी येतो" म्हणाला की कुठली सकाळ ते विचारायचं नसतं. आणि याच माणसांना फोनमध्ये मात्र क्षणाचा उशीर खपत नाही.

मी निवडला तो त्या खेळातला सर्वांत मंद प्राणी. कासवाची पाठ, गव्याची मान आणि खाली जांभ्या दगडाचे चार चिरे रोवावेत तसे पाय. मी त्याचं नाव चिराच ठेवलं. त्याचा वेगाचा आकडा पाहून भावजी इतके हसले की हातातली खारी चहात पडली. "वहिनी, हा हलायच्या आत आमचं जेवण होईल," म्हणाले. कप्तान म्हणजे त्यांच्यातला मोबाईल-दुरुस्तीवाला, गाडी त्याची म्हणून कप्तानही तोच. तो म्हणाला, "वहिनी, त्याला थोडा वेगाचा खाऊ घाला, निदान पाय तरी उचलेल."

मी वर्षभर त्याला वेगाचा एक दाणा घातला नाही. जे घातलं ते सगळं अंगबळाचं. कारण त्या खेळात उलटा वारा नावाचा एक डाव आहे. एखाद्या साध्या, मदतनीस राक्षसाने तो वारा सोडला की काही फेऱ्यांपुरता सगळा न्याय उलटा होतो: जो सर्वांत मंद, त्याचा घाव पहिला. तिथे अर्धवट मंद कामाचा नाही, पुरता मंद लागतो. आणि चिऱ्याचा एक घाव बसला की समोरचा दुसऱ्यांदा विचारायला उरत नाही. अडचण एवढीच की वारा सुटेपर्यंत मार खात उभं राहायचं. तेवढं मला जमतं.

तरी रविवारचे टोमणे काही थांबले नाहीत. दळण आणायला निघाले की "चिऱ्यावर बसून जातेस काय," आणि भाकरी करपली की "वारा उलटा होता वाटतं." मी हसायचे. राग यायचा, आणि खूप यायचा.

मे महिन्यात कोल्हापूरला मोठी स्पर्धा होती. चौघांचा संघ, झुंजी जोडीजोडीने. शनिवारी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. कप्तान आणि बाकीचे दोघे पक्के होते. चौथी जागा भावजींचीच धरलेली, पण मी म्हटलं, मलाही यायचंय. मग कप्तान म्हणाला, "ठीक, रविवारी तुम्ही दोघं खेळा. जिंकेल तो चौथा." त्याला वाटलं, एवढ्यावर मिटलं.

मला ती जागा मनापासून हवी होती. लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी घाट चढून गेले ती बारशांना, लग्नांना आणि एकदा सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. माझ्या स्वतःच्या कामासाठी, मला आवडतं म्हणून, एकदाही नाही. कोल्हापूरला जाऊन मी काय दिवे लावणार होते ते मलाही माहीत नव्हतं. पण लावायचे होते.

रविवारी पडवी भरली. आमचे हे सुद्धा पेपर घेऊन कोपऱ्यात बसले, म्हणजे वाचत नव्हते. सासूबाई झोपाळ्यावर. झुंज सुरू झाली की आधी दोघांना एकमेकांचे राक्षस दिसतात आणि कोणते चार उतरवायचे ते ठरवायला थोडा वेळ मिळतो. वेळ संपला तर खेळ आपोआप यादीतले पहिले चार उचलतो. मी माझे चार लावले. भावजींना मात्र त्याच वेळी देवाला गाऱ्हाणं घालायची हुक्की आली. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. घराचा पाया असो नाहीतर क्रिकेटची मॅच. भावजी उठून उभे राहिले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू झाले:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघे ओरडले.

"आज ह्या पडवीत तुझी लेकरां जमलीत, त्यांच्यावर नजर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या वहिनीचो चिरो वरीसभर जाग्यावरसून हललो नाय, त्येका आज एक तरी पाऊल उचलूची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हरल्यावर तिचो राग आमच्या चायवर निघाक देव नको रे म्हाराजा!"

शेवटच्या व्हय म्हाराजाला झोपाळ्यावरून सासूबाईंचाही आवाज आला. भावजी प्रसन्न मुद्रेने खाली बसले आणि फोन बघून किंचाळले. वेळ संपला होता. खेळाने त्यांच्या यादीतले पहिले चार उचलले होते, आणि त्यात तीन होते नुकती अंड्यातून आलेली पिल्लं, जी त्यांनी गोड दिसतात म्हणून वर ठेवलेली. ती पिल्लं मारायला मला चिऱ्याचीही गरज पडली नाही.

"हे धरायचं नाही!" भावजी म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे तर अंगण त्यांनी स्वतःच वाकडं केलं होतं. मी म्हटलं, पुन्हा खेळू. यात माझा मोठेपणा काही नव्हता. तशी जिंकले असते तर जन्मभर ऐकावं लागलं असतं की वहिनीला गाऱ्हाणं पावलं.

दुसऱ्या झुंजीत भावजींनी गाऱ्हाणं घातलं नाही. त्यांनी सगळ्यात चपळ पाखरू पुढे काढलं. मी वारा सोडणारा माझा मदतनीस काढला. माझा बेत त्यांना ठाऊक होता, त्यांनी पहिल्याच फटक्यात त्याला संपवायला सगळी ताकद लावली. पण तो घाव किती लागेल हे मी आधीच्या आठवड्यात चार वेळा मांडून पाहिलं होतं. मदतनिसाच्या जिवाची बारीक लाल रेघ उरली. त्या रेघेवर त्याने उलटा वारा सोडला आणि पुढच्या फटक्यात पडला. मग चिरा आला.

पाखरू एका घावात गेलं. त्याच्या जागी विजेचा आला, तोही गेला. भावजींनी तिसरा काढला, त्याचंही तेच झालं. चौथ्याला त्यांनी फोन पाटावर ठेवला आणि बघतच राहिले. उथळ पाण्याला खळखळाट फार हे मी त्यांना तेव्हा म्हटलं नाही, ते आता म्हणते. आमच्या ह्यांनी पेपरचं पान उलटलं. मला इतका आनंद झाला होता की मी उठून आत गेले आणि मोरीत उभी राहून एकटीच हसले.

परत आले तेव्हा पडवीत कुजबुज चालली होती. कप्तान घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला. काय खेळलात! पण असं बघा, तिथे रात्रीचा मुक्काम आहे. आम्ही सगळे पुरुष. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. लोकही चार गोष्टी बोलतात. त्यापेक्षा तुमचे भावजी येऊ देत, आणि तुम्ही फक्त चिरा त्यांच्या फोनवर पाठवून द्या. नाव तुमचंच होईल."

मला आधी वाटलं, मस्करी आहे. वर्षभर ही मंडळी ज्याला हसली तो चिरा हवा होता, मी नको होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बीळ खणणाऱ्याला तुझंच नाव होईल असं सांगत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तुझं तू बघ." हे वाक्य आमच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारी टांगून ठेवायला हरकत नाही. सासूबाई म्हणाल्या, "दे गो. घरातच ऱ्हातोय ना? ल्हान हाय तो." लहान, म्हणजे सत्तावीस वर्षांचा, आणि दाढी रोज करावी लागते इतका.

मी म्हटलं, "बघते."

आमच्याकडे बघते म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. पण सुनेने म्हटलं की त्याचा अर्थ हो धरतात. भावजी आठवडाभर विचारत राहिले, "वहिनी, पाठवलास का?" आणि मी म्हणत राहिले, "बघते हां, आज वह्या तपासायच्या आहेत." कप्तानाने मात्र कामाला सुरुवात केली. चौथा त्याच्या जोडीला असणार होता. त्याने उलटा वारा सोडणारा राक्षस तयार केला, त्याची सगळी बांधणी चिऱ्याभोवती केली, आपली पाखरं बाजूला ठेवली. हे तो रोज ग्रुपवर अभिमानाने सांगायचा. मी रोज वाचायचे आणि अंगठा दाखवायचे. शुक्रवारपर्यंत चिऱ्याशिवाय त्या जोडीला काही अर्थ उरला नव्हता.

शनिवारी उजाडता उजाडता फाटकाशी गाडी लागली. भावजी नवा शर्ट घालून तयार. मी बाहेर आले ती पंजाबी ड्रेस घालून, खांद्याला बॅग, हातात चपात्यांचा डबा. गाडीचं पुढचं दार उघडलं आणि बसले.

"वहिनी?" कप्तान म्हणाला.

"चिरा माझ्या फोनवर आहे," मी म्हटलं. "तो मी कोणाला पाठवला नाही, पाठवणार नाही. मी जिंकले, मी येणार. मुक्कामाला कोल्हापुरात नणंदेचं घर आहे, तिला काल सांगितलंय."

कप्तान स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. त्याच्या डोक्यात काय हिशेब चालला होता ते दिसत होतं, आणि या वेळी गुणाकार बरोबर येत होता. शेवटी तो भावजींना म्हणाला, "तू मागे बस, बघायला तरी चल."

पण मागे दोघे बसले होते आणि तिसऱ्या जागेवर आंब्याच्या पेट्या. घाट चढणारी गाडी आमच्याकडून रिकामी जाऊ देणं पाप असतं. डिकीत कोकम, सुकट आणि कोणाच्या तरी मावशीचे फणसाचे गरे, आणि सीटवर सासूबाईंनी लेकीसाठी दिलेल्या दोन पेट्या, वर दोरीने बांधलेल्या. भावजींनी एका पेटीला हात घातला.

"ठेव ती!" सासूबाई पायरीवरून ओरडल्या. "पोर वाट बघतेय तिकडं. तुझां काय नडलांय बघायला जायचां?"

भावजींनी हात काढला. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.

कोल्हापुरात आमच्या जोडीने पहिली फेरी जिंकली. समोरचे दोघे चिरा पाहून एकमेकांना ढोसत हसले, आणि मग कप्तानाने वारा सोडला. दुसऱ्या फेरीत मात्र समोरच्या जोडीने तो वारा पुन्हा उलटवला आणि चिरा मार खात उभ्याउभ्या पडला. बाकीच्या दोघांची पाखरं आमच्या आधीच गळपटली होती. मी नणंदेकडे जाऊन पोटभर जेवले आणि झोपले.

रविवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा पडवीत सगळे बसले होते. सासूबाईंनी विचारलं, "पेट्या पोचल्या?" ह्यांनी विचारलं, "ट्रॅफिक होतं काय?" भावजींनी आधीच ग्रुपवर सगळं वाचलं होतं.

"दुसऱ्या फेरीत तू चिरा आधी काढलास, तिथेच चुकलं," ते म्हणाले. "मी असतो तर काढला नसता. मी असतो तर आपण हरलोच नसतो, वहिनी."

"नव्हतात ना पण, भावजी. मी होते," मी म्हटलं आणि खांद्यावरची बॅग काढून त्यांच्यापुढे धरली. "एवढी आत नेऊन ठेवा."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई पेट्यांचंच विचारत होती. भावजींनी बॅग घेतली आणि आत नेऊन ठेवली.