रहिमतपूरची काळी होडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घराच्या गच्चीवर तूरडाळीला ऊन दाखवत होते. "वन्सं, तुमचं अण्णा गेलं..." एवढंच ती बोलली. त्याला आता महिना होऊन गेला. एका पेपरात चार ओळींची बातमी आली होती, 'रहिमतपूर येथील प्रगतिशील शेतकरी' अशी. प्रगतिशील! माझ्या थोरल्या भावाचं आलं दरवर्षी कुजायचं आणि घेवडा शेजाऱ्यांच्या म्हशी खायच्या. रोपांना पाणी पाजायचं सोडून हा पाण्याकडेच बघत बसायचा. ज्यानं ती बातमी दिली त्याचा हेतू चांगलाच असणार, पण मला राग आला तो आलाच. अण्णा शेतकरी नव्हता. तो काय होता ते सांगायला आता आमच्या रक्ताची मीच उरले आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर फौजेचं. आबा, म्हणजे आमचे वडील, पायदळात होते, आजोबाही होते. गावातलं कुणाचं पोरगं भरतीला निघालं की आधी आबांच्या पाया पडायला यायचं. अण्णाला मात्र लहानपणापासून पाण्याचं वेड. पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं ते त्यानंच. तो नेव्हीत गेला. काम जहाजाच्या इंजिनखान्यात, पण मोकळा वेळ मिळाला की शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यती. त्यात त्यानं नाव काढलं, आणि त्या होड्या बांधायला, सांधायलाही तिथल्याच वर्कशॉपात शिकला. मग इंजिनांच्या गोंगाटानं त्याचा डावा कान पार गेला, उजवाही उतरणीला लागला, आणि नव्वदच्या सुमारास मेडिकल बोर्डानं त्याला मुदतीआधी घरी पाठवलं. गोळी खाऊन आला असता तर आबांनी त्याला गावभर मिरवलं असतं. कानापायी परत आलेला मुलगा त्यांना पचला नाही. "कान गेला म्हणून कुटं शिपाई घरी येतो व्हय?" असं ते एकदाच म्हणाले आणि त्यानंतर त्या विषयावर गप्प झाले. कुणी विचारलं, थोरला काय करतो, तर आबा सांगायचे, "शेती बघतो." नेव्हीचं नावसुद्धा काढायचे नाहीत. अण्णा तिथेच उंबऱ्यात बसलेला असायचा.

अशी दोन-तीन वर्षं गेल्यावर एका दिवाळीत मी माहेरी आले तर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी फळ्यांचा सांगाडा उभा होता, उलट्या घातलेल्या होडीच्या आकाराचा. पुण्याजवळच्या धरणावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्यात एक गट खुला होता, स्वतः बांधलेली होडीही चालायची. अण्णा तिथे जाणार होता. आणि होडी लाकडाची नाही, कार्बन फायबरची. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्या कापडाच्या गुंडाळीचा उरलेला भाग त्यानं मिळवला होता. काळंभोर, चकाकतं कापड, हाताला रेशमासारखं लागायचं. वहिनीला वाटलं परकराचं आहे. हे कापड थरावर थर घालून राळेत भिजवलं की लोखंडाहून भारी टणक होतं आणि वजनाला पोरीटोरीनं उचलावं इतकं हलकं राहतं, हे तो मला समजावून सांगत होता. मी विचारलं, "अण्णा, हे सगळं कशापायी?" तो सांगाडा घासत होता, हात थांबला नाही. "शालन, आबांच्या तोंडनं मला एकदा ऐकायचंय, माझा पोरगा नेव्हीतला हाय म्हणून. बस. दुसरं काय न्हाई." माझ्या भावानं आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, हे एवढं सोडून.

होडीचं अंग घडवायचा दिवस उन्हाळ्यातला धरला, कारण पत्र्याखाली असा उकाडा असायचा की राळ संध्याकाळपर्यंत घट्ट व्हावी. भिजलेल्या कापडावर प्लॅस्टिकचा मोठा कागद घालून, कडा चिकटवून, आतली सगळी हवा पंपानं ओढून घ्यायची, म्हणजे थर एकमेकांना गच्च बसतात. असा पंप रहिमतपुरात आणायचा कुठून? शेजारच्या डेअरीवाल्याकडे म्हशींची धार काढायचं मशीन होतं, त्याचा हवा ओढायचा पंप अण्णानं मागून आणला. अट एकच, संध्याकाळच्या धारेच्या आत परत. सकाळची धार झाली, पंप आला, कापडं भिजली, कागद बसला, पंप सुरू झाला... आणि पंपाचा काटा चढून पुन्हा खाली. कुठून तरी हवा आत शिरत होती. अण्णा कागदाभोवती वाकून वाकून फिरला, पण ती बारीक सूं त्याला कशी ऐकू यावी? राळ तर थांबणार नव्हती. त्याचं तोंड मी त्या वेळी पाहिलं आणि साडीचा पदर खोचून गुडघ्यांवर बसले. कागदाच्या कडेला कान लावत लावत सरकले. मागच्या कोपऱ्यात सापडली, अगदी स्टोव्हची चावी सैल झाल्यावर येतो तसा आवाज. "हितं हाय!" मी ओरडले. वहिनी पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेऊन धावत आली, तोच तिथे दाबला, आणि काटा चढला तो चढलाच. संध्याकाळी म्हशींना त्यांचा पंप वेळेवर मिळाला. त्या दिवशी अण्णानं जाहीर केलं, होडीत पुढे बसायला शालनच. शर्यतीत दोघं लागायची, एक सुकाणूवर आणि एक पुढच्या शिडावर. मी बत्तिशीची, एका मुलाची आई, सांगलीच्या बँकवाल्याची बायको. सासूबाईंनी फक्त विचारलं, "साडी नेसून बसणार आहेस का?" पंजाबी ड्रेस म्हटल्यावर त्यांची हरकत संपली.

आबा या काळात शेडकडे फिरकले असतील तर म्हशीची दावण बघायला. पण होडी पुरी झाली, शीड-डोलकाठी आली, आणि पाण्यात घालायच्या आदल्या दिवशी वहिनीनं पूजा मांडली. नवी वस्तू दारात आली की आपल्याकडे हार, हळद-कुंकू आणि नारळ हे होणारच, मग ती सायकल असो की ट्रॅक्टर. आम्ही हार घालत होतो तेवढ्यात आबा आले. धुवट धोतर, डोक्याला टोपी, हातात स्वतः बाजारातून आणलेला नारळ. अण्णाचा चेहरा असा उजळला... तो काही बोलायच्या आत आबा पुढे झाले, डोळे मिटून नमस्कार केला आणि खाली दगड ठेवला होता तो सोडून, ट्रॅक्टरच्या लोखंडावर हाणतात तसा, सगळ्या ताकदीनिशी नारळ होडीच्या नाकावर हाणला. नारळ फुटला. होडीही फुटली. नारळाचं पाणी त्या भेगेतून आत झिरपताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. शर्यत पुढच्याच आठवड्यात होती.

मला वाटलं आता अण्णा काहीतरी बोलणार आणि बापलेकांचं उरलंसुरलंही संपणार. आबा तर होडीपेक्षा पांढरे पडले होते... होडी काळीच होती म्हणा. त्यांनी हळूच विचारलं, "लोखंडाची न्हाई व्हय रं ही?" अण्णानं खाली वाकून खोबऱ्याचा तुकडा उचलला, आधी आबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "न्हाई, आबा. पर नारळ लय झ्याक फुटला तुमचा." एवढ्या वर्षांत दोघांत झालेलं हे पहिलं मोकळं बोलणं. मी त्या दिवशी माझ्या भावाला मनातल्या मनात नमस्कार केला, आज उघड करते. ज्याला राग यायचा पूर्ण हक्क होता त्यानं प्रसाद वाटला.

आणि मग गंमत झाली. फुटलेल्या जागेतून आबांना होडीचं आत दिसलं आणि त्यांना राहवेना. "ह्ये मधी काय भरलंय?" अण्णानं सांगितलं, दोन्ही बाजूंनी कापडाचे पातळ थर आणि मध्ये फोम, पुरणपोळीसारखं. "मग पुरण भिजलं की रं!" म्हणून आबा खालीच बसले. भिजलेला भाग कापला, वाळवला, नवा भरला, वर कापड चढवलं. ते सुकेपर्यंत आबा खुर्ची टाकून उन्हात राखणीला, कोंबडी फिरकू दिली नाही. घासायची वेळ आली तेव्हा अण्णाच्या हातातला पॉलिश पेपर त्यांनी काढून घेतला. "आडवं न्हाई, आबा, गोल फिरवा," असं अण्णा सांगायचा आणि पायदळातला म्हातारा निमूटपणे गोल फिरवायचा. मध्येच विचारायचा, "जहाजावर बी असंच घासायचा व्हय तू?" अण्णा सांगत राहायचा, आबा ऐकत राहायचे. वहिनी आणि मी चहाचे कप घेऊन दारातच थबकायचो, आत जाऊन बोलणं मोडायला नको म्हणून.

पहिल्यांदा पाण्यात घातली ती सांगलीत, कृष्णेवर. सांगलीकरांना होड्यांच्या शर्यती काय नवीन नाहीत, पण त्या वल्ह्यांच्या. घाटावर माणसं जमली आणि जो तो विचारी, "वल्ही कुठायत हो?" एकानं तर आपली द्यायची तयारी दाखवली. मग वारा शिडात भरला आणि काळी होडी पलीकडच्या काठाकडे अशी निघाली की वल्हंवाला स्वतःचं वल्हं धरून बघत राहिला.

शर्यतीला होडी आल्याच्या टेम्पोतून नेली, त्यामुळे तिला आल्याचा वास होता आणि आम्हालाही. आबा न सांगता ड्रायव्हरशेजारी येऊन बसले होते. धरणावर परदेशी बनावटीच्या पांढऱ्याशुभ्र होड्या, गॉगलवाली माणसं, आणि त्यात आमची काळी. पहिल्या फेरीत आम्ही मागे पडलो, सुरुवातीचा भोंगा अण्णाला ऐकू आला नाही आणि मीही घाबरून गप्प बसले. दुसऱ्या फेरीला ठरवलं, भोंगा वाजला की मी त्याच्या पायावर थाप मारायची. भोंगा, थाप, आणि सुटलो. दुपारचा वारा वाढला तशा जड होड्या पाणी कापत बसल्या आणि आमची पाणी सोडून वर उठली. पाय पट्ट्यात अडकवून मी बाहेर झुकलेले, पाठ पाण्याला लागतेय, तोंडावर फवारे, आणि मागून अण्णा ओरडतोय, "भले शालन! भले!" नाकावरचं आबांनी घासलेलं ठिगळ लाट फोडून सारखं वर येत होतं. त्या फेरीत आम्ही तिसरे आलो. कारखान्यात बनलेल्या कितीतरी होड्या मागे टाकून, रहिमतपूरच्या गोठ्याशेजारची होडी तिसरी!

काठाला लागलो तर आबांच्या शेजारी एक गॉगलवाले गृहस्थ चौकशी करत होते, ही काळी होडी कुठल्या कंपनीची. आबा ताठ उभे राहिले, परेडला उभे राहतात तसे. "कंपनीची न्हाई. माझ्या पोरानं घरी बांधली. नेव्हीतला हाय त्यो. आन् म्होरलं नाक म्या घासलंय." मी ते शब्द ऐकले आणि गर्रकन वळून अण्णाकडे पाहिलं. तो गुडघाभर पाण्यात शीड उतरवत होता, डावी बाजू काठाकडे. ज्यासाठी हे सगळं केलं ते वाक्य त्याच्या मागून निघून गेलं होतं. मी पाण्यातूनच पळत गेले आणि त्याच्या उजव्या कानाशी सगळं सांगितलं. शीड हातात तसंच धरून तो म्हणाला, "परत सांग." परत सांगितलं. टेम्पोत सांगितलं, घरी सांगितलं. आबांना पुन्हा बोलायला लावू म्हटलं तर नको म्हणाला, "एकदा म्हनलेत की."

आबा गेले, होड्या पुढे आणखी झाल्या, पण माझं माहेरपण म्हणजे ते वाक्य सांगणं असं होऊन बसलं. चहा झाला की अण्णा खुर्ची माझ्या बाजूला ओढायचा आणि विचारायचा, "काय म्हनलं गं आबा त्या गॉगलवाल्याला?" जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

शेवटची भेट साताऱ्याच्या दवाखान्यात झाली. एव्हाना उजवा कानही गेल्यात जमा होता. मी जवळ बसले तर ओठ हलले, आवाज फुटला नाही, पण काय हवंय ते मला कळलं. मी कानाशी वाकून सांगितलं, त्याला पोचलं नाही. मग मी लाज सोडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "माझ्या पोरानं घरी बांधली! नेव्हीतला हाय त्यो!" अख्खा वॉर्ड दचकला. नर्स धावत आली. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा कोपरावर उठून हातवारे करत विचारू लागले, "कोण वो, कोण हाय नेव्हीतला?"

मी काही सांगायच्या आधी अण्णानं हात वर केला.