बिल्ड चालू आहे

गुरुग्रामच्या मेट्रोत ती रोज समोर बसायची. मांडीवर लॅपटॉप, गळ्यात कंपनीचं कार्ड. आईचा फोन आला, की "बिल्ड चालू आहे गं, नंतर बोलते," म्हणून ठेवून द्यायची. मराठी ऐकून मी सुखावायचे, इतकीच आमची ओळख.

एकदा मात्र आईला खुशीत सांगत होती, "आता सर्व्हर सांभाळायला नको, बटण दाबायला नको. कोड टाकला की त्याचं सॉफ्टवेअर बनवणारा तो बिल्ड क्लाउडवर आपोआप होतो. मीच बसवलंय!"

स्पीकरवरून आई म्हणाली, "अगं, मग तुझं काय काम?"

ती हसली. मीही हसले.

परवा दिसली, तेव्हा लॅपटॉप नव्हता, कार्डही नव्हतं. फोन वाजला.

"बिल्ड चालू आहे गं, नंतर बोलते."

तिचं स्टेशन आलं आणि गेलं. ती उठली नाही.