पाबे घाटातली पहिली फेरी

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. गाडीच्या त्या दिवसांत तर मी रोज कुणावर ना कुणावर भडकलेली असायचे, कारण आनंदच एवढा झाला होता की तो ठेवायचा कुठं हेच कळत नव्हतं. आमच्या घरात गाडी यायची होती! अजून नुसतं बोलणंच चाललं होतं म्हणा. पण बोलणं तरी चाललं होतं ना!

आमचं घर गुंजवण्यात, गडाच्या पायथ्याला. भाताची शेती आहे, आणि गड चढायला येणाऱ्या पोरांना मी घरगुती जेवण करून घालते. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि आधी फोन केला तर कोंबडी. घरात सासू-सासरे, नवरा आणि मी. माझ्या सासऱ्यांना मी मामंजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. दिराचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गाडीचा किडा डोक्यात सोडला तो त्यानंच.

"काकी, विकत कशाला घ्यायची?" तो म्हणाला. "महिन्याच्या भाड्यानं कंपनी नवी कोरी गाडी देते. सात जण बसतील अशी. विमा त्यांचा, सर्व्हिसिंग त्यांचं. दोन-तीन वर्षं वापरायची आणि परत द्यायची. डोक्याला ताप नाही."

नवऱ्याला हे लगेच पटलं. त्यांना काहीही लगेच पटतं, फक्त मी सांगितलेलं सोडून. त्यांचं म्हणणं असं, की विकत घेतली की टायर आपले, बिघाड आपला, आणि जुनी झाली की विकायला गिऱ्हाईक शोधायचं तेही आपणच. त्यात आणखी एक मोठा फायदा त्यांनी शोधून काढला. घरात गाडी आली की भावकीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक साखरपुडा, कुणाचा पाय मोडला, कुणाला भोरला दवाखान्यात न्यायचं, सगळे आमच्याच दारात. "भाड्याची असली म्हंजे सांगता येतंय, कंपनीची हाय, देता येत न्हाई," ते म्हणाले. गाडी यायच्या आधीच नाही म्हणायची सोय! मी कपाळाला हात लावला.

मामंजींना दोन्ही नको होतं. "एसटी हाय की," एवढंच ते म्हणायचे. फार छेडलं तर म्हणायचे, "म्या भाड्यानं बैल आणलेत. आपण त्याला जपत न्हाई आन मालकाचा जीव तुटत ऱ्हातो. आन इकत घ्यायचा तर आधी औताला धरून बघावा लागतो. तुमची ती गाडी कोण धरून देणार औताला?"

मी विकत घ्यायच्या बाजूची. आणि कारणं काय सांगायचे? धंद्याची. नसरापूरहून भाजी आणता येईल. सिलिंडरसाठी कुणाच्या टेम्पोची वाट बघायला नको. हायवेला उतरलेली पोरं आपणच आणू, म्हणजे ती आपल्याकडंच जेवतील. तांदूळ थेट पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या दारात. हे सगळं खरंच होतं. पण माझं कारण हे नव्हतंच मुळी.

माझं कारण होतं माझी आई.

माझं माहेर पानशेतच्या पलीकडं, धरणाच्या कडेला. मधे डोंगर. लग्न झालं तेव्हा घाटाचा रस्ता खराब होता, म्हणून वऱ्हाड ट्रकमधून पार पुण्याला वळसा घालून आलं होतं. सकाळी निघालेली माणसं दिवेलागणीला पोचली. आईच्या डोक्यात तेच बसलं, की पोरगी लई लांब पडली. पुढं रस्ता झाला. मी नवऱ्याच्या मागं मोटरसायकलवर बसून पाबे घाटातनं जायला लागले. तिला सांगायचे, "अगं आई, लांब न्हाई गं." ती म्हणायची, "तू वाऱ्यासारखी येतीस, तुला काय कळतंय." आणि तिला एसटीनं यायचं तर स्वारगेटला जाऊन गाडी बदला, नसरापुरात माणसं कोंबून नेणारी वडापची जीप धरा. तिचे गुडघे गेले तेव्हापासून जीपची पायरी तिला चढवत नाही. मोटरसायकलचं तर नावच काढायला नको.

स्पेशल गाडी करून तिला आणता आलं असतं. मी कितीदा म्हटलं! पण ती कसली ऐकते! "माझ्यासाठी गाडी करायची? काय मंत्री हाय का मी? ईन की सवडीनं." ती सवड काही आली नाही. माझ्या हातचं पिठलं अख्ख्या पुण्यातली पोरं खाऊन गेली आणि माझ्या आईनं माझी नवी चूल बघितली नव्हती. मला ते फार लागायचं. भाड्याच्या गाडीला कारण लागतं हो, लग्न नाहीतर दवाखाना. आई नुसती यावी, बसावी, चहा प्यावा, याला कुणी कारण म्हणत नाही. पुतण्याच्या त्या महिन्याच्या भाड्यातही किलोमीटरचं बंधन होतंच. म्हणजे पुन्हा प्रत्येक फेरीला विचारा, ही फेरी कशासाठी?

हे मी घरात बोलले नाही. सुनेनं माहेरासाठी गाडी मागितली असं झालं असतं. म्हणून मी भाजी आणि सिलिंडरवरनं भांडत राहिले.

शेवटी मामंजींच्या औताच्या सवालावर पुतण्यानं उपाय काढला. कंपनीत त्याची ओळख होती. गाडी वापरून बघायला मिळाली. मंगळवारी सकाळी तो ती घेऊन दारात आला. गडावर त्या दिवशी गर्दी नसते. पांढरी शुभ्र, उंच, लांबलचक गाडी. अगं बाई गं! माझ्या हातात पीठ होतं आणि तव्यावर भाकरी. भाकरी करपली. मी तशीच बाहेर पळाले आणि पिठाचे हात मागं धरून गाडीभोवती फिरले.

मामंजीही फिरले. वाकून खाली बघितलं, दार उघडून आत वास घेतला, चाकाला पायानं दाबून बघितलं. मग म्हणाले, "खाचरातनं चढव." पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं खाचराच्या बांधापर्यंत नेऊन आणली. मामंजी काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली होती.

आणि एवढ्यात आत्याबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. आम्ही सगळे गाडीत डोकी घालून बसलेलो, कुणाचं लक्षच नाही. लक्ष गेलं तोवर चारी चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती, नारळ फुटला होता, आणि त्या पांढऱ्या बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं हे एवढं मोठं स्वस्तिक!

"आज्जी!" पुतण्या ओरडला. "अगं गाडी आपली न्हाई! नुसती बघायला आणलीय!"

"दारात चाक लागलं म्हंजे पूजा नको करायला?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या लेखी गाडी भाड्याची, बघायची, घ्यायची असलं काही नसतंच. गाडी आली, ओवाळली, संपलं. पुतण्यानं रुमालानं पुसायला घेतलं तर स्वस्तिक पसरून अर्धं बॉनेट गुलाबी झालं. मला हसू आवरेना. तो बिचारा रडकुंडीला आला आणि मी पदर तोंडात धरून हसतेय!

पण मामंजी हसले नाहीत. ते गंभीर झाले. "पूजा झाली म्हंजे झाली," ते म्हणाले. "आता पहिली फेरी रिकामी येता कामा न्हाई."

आमच्या घरात ही जुनी रीत आहे. नवी गाडी पूजली की ती पहिल्यांदा देवीला जाते, आणि परत येताना घरच्या बाईच्या माहेरचं माणूस घेऊन येते. या घरात पहिली बैलगाडी आली तेव्हा आत्याबाईंच्या वडिलांना आणलं होतं. ती गोष्ट मी हजारदा ऐकली होती. पण ती आपल्या कामाची आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं!

"आता कुणाला आणायचं?" नवऱ्यानं विचारलं.

आत्याबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. "कुणाला म्हंजे? माझ्या माह्यारी आता कोण ऱ्हायलंय? हिच्या आईला आणा. गाडीचं बोलणं निघालं तवापासनं ही सिलिंडर सिलिंडर करतीया. सिलिंडरसाठी कुणाचे डोळे असे भरत न्हाईत."

मी ताट आत नेऊन ठेवलं. हातपाय धुतले, बरं लुगडं नेसले आणि गाडीत जाऊन बसले.

नवऱ्यानं पूर्वी टेम्पो चालवलेला, त्यांनी स्टिअरिंग धरलं. पुतण्या राखणदारासारखा शेजारी. वेल्ह्याला देवीचं दर्शन घेतलं आणि मागं फिरून पाबे घाटाला लागलो. मोटरसायकलवर त्या घाटात मी नेहमी डोळे मिटून बसायचे. त्या दिवशी काच खाली करून सगळा डोंगर बघितला. गाडी अशी सरसर चढत होती, की मला गाणं म्हणावंसं वाटलं. म्हटलंही. नवऱ्यानं आरशातनं बघितलं.

आईला फोन केलाच नव्हता. केला असता तर नकोच म्हणाली असती. आम्ही दारात उतरलो तेव्हा ती वाल सोलत होती. "ऊठ आई, चल," मी म्हटलं.

"कुठं? कोण गेलं?" ती घाबरली. कारणाशिवाय गाडी दारात येत नाही, हे तिलाही ठाऊक.

"कुणी न्हाई गेलं. चहा प्यायला चल माझ्याकडं."

ती मला वेडी म्हणाली. पण नवी गाडी, पूजा झालेली, पहिली फेरी, हे नवऱ्यानं सांगितलं तेव्हा ती नाही म्हणू शकली नाही. रीत मोडायची हिंमत तिच्यात नाही. गाडीची पायरी तिला उंच पडली. मी आतनं बसायचा पाट आणला, तो खाली ठेवला, एका बाजूनं मी आणि एका बाजूनं जावई, आणि बसली की हो आई! लेकीकडं रिकाम्या हातानं कशी यायची, म्हणून सोललेले वाल, नाचणीचं पीठ आणि पाय बांधलेली एक कोंबडी बरोबर घेतली. कोंबडी बघून पुतण्यानं डोळे मिटले. "कंपनीला काय सांगू मी?" असं तो घाट संपेपर्यंत पुटपुटत होता.

आई दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बाहेर बघत होती. घाटमाथ्यावर तिला गड दाखवला तर नुसती मान हलवली. मला वाटलं, हिला गाडी लागली.

दारात गाडी थांबली. पाट ठेवून तिला उतरवलं. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई हलेना. घराकडं बघतेय, गडाकडं बघतेय.

"इहीणबाई, कशी हाय गाडी?" मामंजींनी विचारलं. ही गाडीची शेवटची परीक्षा होती.

"आलं व्हय घर?" आईनं मलाच विचारलं.

"आलं की."

"एवढ्यात?" तिनं मागं वळून आलेल्या रस्त्याकडं बघितलं. "इतक्या जवळ दिली व्हती व्हय गं म्या तुला? आन म्या इतकी वर्सं लांब लांब म्हणून रडत बसले."

कोंबडी तेवढी ओरडत होती. मग मामंजी पुतण्याला म्हणाले, "ही देऊन टाक माघारी. आपली घ्यायची. जुनी असंल तरी चालंल, पण आपली."

"आन फेऱ्या कुणी मोजायच्या न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. नवरा काहीतरी बोलणार होता, पण मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते कोंबडी सोडायला निघून गेले. मी आत चहा ठेवला आणि चुलीपाशी बसून मनसोक्त रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुतण्या ती गुलाबी गाडी घेऊन पुण्याला गेला. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की आता आईला सोडायला गाडीच नाही. मामंजी खजील झाले. आई म्हणाली, "आसू द्या. तुमची येईस्तोवर ऱ्हाते हितंच."

ती राहिली. माझ्या चुलीपुढं बसून भाकऱ्या थापू लागली, गड चढायला आलेल्या पोरांना रागावून जास्त वाढू लागली. नवरा भोरला, नसरापूरला, पुण्याला जुन्या गाड्या बघत फिरत होता. कुणाचा रंग नाही, कुणाचं इंजिन नाही. गाडीसाठी सगळ्यात जास्त भांडले मी, पण त्या दिवसांत मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की जरा घाई करा.