सूज उतरू नये म्हणून

"अंगठी फिरत न्हाय गो ताय," असं म्हणत ती हात माझ्या नाकासमोर धरायची आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी अंगठी फिरवायचा प्रयत्न करून दाखवायची. अंगठी जागची हलायची नाही. बोट दोन्ही बाजूंनी फुगून वर आलेलं असायचं. अशा वेळी बाकीच्या बायका कुरकुरतात. हिच्या चेहऱ्यावर मात्र बक्षीस लागल्यासारखा भाव.

नारपोलीत आमच्या समोरच तिचं घर. खाली नवऱ्याचे कापड विणायचे लूम, वर ती, नवरा आणि सासू. लूमच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे तिचं गुपितसुद्धा दोन घरं पलीकडे ऐकू जायचं.

सुजेच्या विषयात माझाही अधिकार मोठा होता. पाळी यायच्या आधी माझे पाय, पोट, चेहरा, सगळं पाणी धरून बसायचं. तुमच्याही घरात अशी कुणी असेल. तिच्या डोळ्यांखालचा फुगवटा बघून घरातली माणसं तारीख ओळखतात आणि त्या दिवशी भाजीला नावं ठेवत नाहीत. एकदा अशाच दिवसांत मी धामणकर नाक्यावरून चपला आणल्या. पाळी आली, सूज उतरली, आणि चपला माझ्याआधी रस्ता ओलांडायला लागल्या. आमचे हे म्हणाले, "राहू देत, पुढच्या महिन्यात होतील." ठेवल्या. पुढच्या महिन्यात खरंच झाल्या.

शेवटी मी लेडी डॉक्टरकडे गेले, तेव्हा तिलाही ओढून नेलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. पाळीच्या आधी हार्मोन वरखाली होतात, अंग पाणी धरतं, पुष्कळ जणींना होतं. मीठ कमी करा, पापड, लोणचं, सुकी मासळी त्या दिवसांत नको. पिण्याचं पाणी मात्र तोडू नका. रोज चाला, बसताना पाय वर घ्या, आणि मनाने लघवीच्या गोळ्या घेऊ नका. पाळी आल्यावरही सूज राहिली, एकाच पायाला आली किंवा दम लागला, तर लगेच या. ती प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मला वाटलं, चला, एक तरी बाई सुधारली.

घरी येऊन मी मोहीमच उघडली. आमटीतलं मीठ इतकं घटवलं, की मुलं जेवायच्या वेळेला मित्रांकडे अभ्यासाला जायला लागली. आणि इकडे समोरच्या खिडकीतून सुकटीचा घमघमाट. मी तावातावाने गेले. बाईसाहेब ताटात सुकट घेऊन बसल्या होत्या, वर भाजलेला पापड. डॉक्टरीण काय म्हणाल्या होत्या, असं मी विचारलं.

"ऐकलं ना मी," ती म्हणाली आणि पापड मोडला.

त्यामागचं कारण मला अकलोलीला कळलं. आम्ही दोघी वज्रेश्वरीचं दर्शन घेऊन तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. दवाखाने झाले, दोघांच्या तपासण्या झाल्या, नवससुद्धा झाले. हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, तिनं मात्र कधी विषय काढला नव्हता. कुंडात पाय सोडून बसलो, तेव्हा मी परत मिठाचं पुराण लावलं. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं.

"तुझी सूज उतरली का तुला बरं वाटतं ताय," ती म्हणाली. "मना न्हाय वाटत. अंग भरलेलं असतं तवा वाटतं, औंदा काय तरी हाय. उतरली का कळतं, न्हाय."

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली मी. पण त्या वेळी मला एवढंच सुचलं, की पाणी आज जरा जास्तच गरम आहे.

त्यानंतर मी तिला मिठावरून बोलले नाही. उलट दर महिन्याला तिच्या बोटांकडे बघायचे. स्वतःसाठी बिनमिठाचं शिजवायचं आणि देवाकडे हिची सूज मागायची, असा माझा कारभार सुरू झाला.

एका महिन्यात तिची तारीख टळली. दिवस जात राहिले, सूज तशीच. त्या दिवसांत ती पहिल्यांदा हळू बोलायला लागली, इतकी हळू, की लूमच्या आवाजात मला तिच्या ओठांकडे बघावं लागायचं. एरवी करवादणारी सासू तिच्या हातातून पाण्याची बादली काढून घ्यायची. मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणते म्हटलं, तर नको म्हणाली. राहू दे असंच, म्हणाली.

मग एका सकाळी ती गॅलरीत रात्रीची गोधडी धुऊन वाळत घालताना दिसली. मी हाक मारली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. चेहऱ्यावरची सूज उतरली होती.

पुढे काही दिवसांनी ती आपण होऊन आली, पाट ओढून बसली. "डाक्टरीण त्या मिठाचं काय बोलली होती, परत सांग."

मी सांगितलं. तिनं सगळं पाळलं. सुकट बंद, पापड बंद. संध्याकाळी नाक्यापर्यंत जाऊन यायची. पाय हलके झाले, चेहरा रेखीव दिसायला लागला, आळीतल्या बायका छान दिसतेस म्हणायच्या. आणि तिच्यामागे एवढा लकडा लावणाऱ्या मलाच आता तिला बळेच बसवून पापड भरवावासा वाटायचा.

नंतर तिच्या नवऱ्यानं लूमसकट घर विकलं. खाडीकडच्या गावात त्यांची जमीन होती, तिथे घर बांधून राहायचं ठरलं. टेम्पो भरला, सासू पुढे जाऊन बसली. ही मात्र परत वर गेली म्हणून मीही गेले. रिकाम्या आतल्या खोलीत ती छताकडे बघत उभी होती. घर बांधताना सासऱ्यांनी तिथे पाळण्यासाठी लोखंडी कडी बसवून घेतली होती. त्या कडीला कधी कांद्याची टोपलीसुद्धा टांगलेली मी पाहिली नव्हती.

"नवीन येतील त्यांना सांग," ती म्हणाली. "कडी मजबूत हाय."

आणि भराभर जिना उतरून गेली.

महिनाभराने तिथे उत्तरेकडचं एक बिऱ्हाड आलं. निरोप पोचवायला मी गेले आणि दारातूनच माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरुवात केली. त्या बाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"पता है दीदी. धीरे बोलो, अभी सोई है."

आतल्या खोलीत लाल साडीची झोळी संथपणे हलत होती. खाली नव्या मालकाचे लूम धडधडत होते, त्यानं ते पोर उठत नव्हतं, पण मी आवाज खाली आणला. कडी जराही करकरत नव्हती. हे तिला कळवायला हवं होतं. पण तिचा जुना फोन लागत नव्हता आणि नवा नंबर माझ्याकडे नव्हता.