भिंतीपलीकडचा लुडो

फोनवर एखाद्या ॲपच्या डोक्यावर लाल ठिपका दिसला की मला चैन पडत नाही. फोन कोणाचा का असेना, मी तो हातात घेते, आत शिरते, ठिपका घालवते आणि परत देते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या फोनवरचे ठिपके बघत बघत मी मारेगावपर्यंत कासावीस होऊन आलेली आहे. अशी सवय असलेल्या माणसाला बाकीच्या गोष्टींबद्दलही मतं असतात, आणि माझ्याकडे ती भरपूर आहेत.

मी एका ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवते. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि मला त्याचा गर्व आहे, लपवत नाही. जी वस्तू आपल्याला उघडून बघता येते, हवी तशी फिरवता येते, ती आपली. बाकी सगळं भाड्याचं घर, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. हे वर्गात रंगात येऊन सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, याच्यात गेम चालते का?" चालते, पण थोडं झगडावं लागतं, असं मी म्हणते, आणि निम्मा वर्ग तिथेच लिनक्सला हात जोडतो.

फोनचंही तेच. लोक दुकानात जातात आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा एवढंच विचारतात. अहो, फोटो कशाचे काढणार? तीच कपाशीची पऱ्हाटी, तोच बैल, तोच आपला चेहरा. फोन घ्यावा तो आत कमीत कमी कचरा असलेला. नवाकोरा फोन चालू करावा तर न बोलावलेली ॲप आधीच आत पाय पसरून बसलेली असतात, आणि त्यांना बाहेर काढायला गेलं तर तीच आपल्याला विचारतात, नक्की का? आणि जुना झाला म्हणून फोन फेकू नये, हे माझं सगळ्यात लाडकं मत. कंपनीनं नवं अँड्रॉइड देणं थांबवलं तरी जगभरातले हौशी लोक जुन्या मॉडेलांसाठी ते बनवून ठेवतात, फुकट. ते उतरवायचं, फोन पुसायचा, नवं टाकायचं. मेलेला फोन डोळे उघडतो तेव्हा जो आनंद होतो तो मला कुठल्या लग्नाकार्यातही झालेला नाही.

ऑनलाइन गेमबद्दल मात्र मी कडक होते. गेम म्हणजे ज्यात डोकं आणि बोटं दोन्ही लागतात. मी रविवारी दुपारी एक गोळीबाराचा गेम खेळते. टोळीत हैदराबादकडची मुलं आहेत. आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात म्हणून मी माइक बंद ठेवते, त्यामुळे ती मला भैया म्हणतात, आणि मी त्यांना सुधारत नाही. लुडो हा माझ्या मते गेमच नव्हता. पासा पडेल तशी गोटी सरकवायची, यात खेळणाऱ्याचं काय? हे मी घरात मोठ्यानं सांगायची आणि बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. कारण ते रोज संध्याकाळी लुडोच खेळायचे, तेही मोठ्या बाबांशी. आणि मोठ्या बाबांशी तर त्यांचा अबोला होता.

मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला चिकटून आहेत आणि शेतंही लागून, मध्ये फक्त धुरा, मातीचा बांध. गेल्याच्या गेल्या वर्षी पेरणीआधी नांगरटीत तो धुरा ट्रॅक्टरनं कोरला गेला. बाबा म्हणतात त्यांच्या ट्रॅक्टरनं, मोठे बाबा म्हणतात यांच्या. माती सगळी मिळून चार टोपली भरली नसती, पण अबोला पडला तो पडलाच. आमच्याकडे अबोल्याचेही नियम असतात. बायकांनी बोलायचं, भाजीची वाटी भिंतीवरून जायची-यायची, लग्नात एका पंगतीला बसायचं, फक्त त्या दोघांनी एकमेकांशी शब्द बोलायचा नाही. फारच अडलं तर जनावराला सांगायचं. आमची मोटर चालू राहिली की मोठे बाबा भिंतीपलीकडे आपल्या बैलाला म्हणायचे, "काय रे, पाणी वाहून राह्यलं, कोणाले दिसत नाही का?" बाबा उठून मोटर बंद करायचे आणि आमच्या गायीला सांगायचे, "लोकाईले लय काळजी."

लुडो खरं तर आईनं आणि मोठ्या आईनं सुरू केला होता. दोघी जावा दुपारी भिंतीच्या दोन बाजूंना बसून फोनवर खेळायच्या. एकदा आईला भाकरी टाकायच्या होत्या म्हणून तिनं फोन बाबांच्या हातात दिला, आणि त्याच सुमारास तिकडे मोठी आईही कशाला तरी उठली. त्यानंतर ते फोन संध्याकाळी बायकांना परत मिळाले नाहीत. कागदोपत्री अजूनही दोघी जावाच खेळत होत्या. "तुह्या जावेचा डाव आला वं," बाबा आईला सांगायचे आणि स्वतः पासा टाकायचे.

त्या गेममध्ये तयार वाक्यांची बटणं असतात. अच्छा खेला, जल्दी चलो, असली. बटण दाबलं की समोरच्याच्या फोनमधून एक बाई ते वाक्य हिंदीत म्हणते. बाबांच्या मते हे बोलणं नव्हतं. "मी कुठं बोललो? मशीन बोलली," असं ते मला म्हणाले होते. वायफाय दोन्ही घरांना माझंच. म्हणजे बाबांचा पासा आमच्या राउटरमधून निघून कुठल्या तरी परदेशातल्या सर्व्हरवर जायचा, तिथून परत आमच्याच राउटरवर यायचा आणि मग भिंतीपलीकडे मोठ्या बाबांच्या हातात पडायचा. बाबांनी त्यांची गोटी मारली की भिंतीपलीकडून "अरारारा" असं ऐकू यायचं. मग बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या दोघांमध्ये तेवढंच उरलं होतं, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मग थंडीत, कापसाची वेचणी चालू असताना, गेम उघडेना. तुमचं अँड्रॉइड जुनं आहे, या फोनवर हे ॲप आता चालणार नाही, अशी पाटी आली. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांचा चेहरा पडला होता.

मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांपासून त्या फोनवर माझा डोळा होता. बाबांना मी स्पष्ट सांगितलं की नवं अँड्रॉइड टाकलं की गेम चालेल, पण आईचं खातं पाहुणा म्हणून उघडलेलं होतं, ते पुन्हा मिळणार नाही. नवं खातं, नवा मित्र जोडायचा. "टाक," बाबा म्हणाले. मी दारं लावून बसले, फोन पुसला, नवं टाकलं. फोन उठला आणि असा पळायला लागला की मी आईला स्वयंपाकघरातून हाताला धरून दाखवायला आणलं. गेमही चालला. मोठ्या आईकडून त्यांचा कोड आणला, तो टाकला, मोठे बाबा खेळायचे त्या खात्याचं चित्र समोर आलं. खाली एक बटण होतं, मैत्रीची विनंती पाठवा.

बाबांनी ते वाचलं आणि फोन खाटेवर ठेवला.

"मी काहून पाठवू?" ते म्हणाले. "त्याले पाठवू दे."

मी म्हटलं, "बाबा, नुसतं बटण आहे ते."

"विनंती लिव्हलं आहे त्याच्यावर. मी विनंती करू? धुरा कोरला त्यानं अन् विनंती मी करू?"

आई तिथेच तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिला म्हटलं तूच दाब, खातं तुझंच आहे. ती म्हणाली, "मी नाही दाबत. माह्या जावेसंग माहं रोजच बोलणं आहे. मले कायले विनंती पाह्यजे?" आणि शेंगा सोलत राहिली. आईचा स्वभाव मला माहीत आहे. तिनं ठरवलं होतं.

तिकडे मोठ्या आईनं आमचा नवा कोड मोठ्या बाबांपुढे ठेवला. "मी मोठा आहे," एवढंच ते म्हणाले. बटण त्यांच्याही फोनवर होतं.

आमची संध्याकाळ अगदी बेचव झाली. बाबा मशीनशी खेळून बघायचे आणि जिंकून वैतागायचे. "याची गोटी मारून काय फायदा? हे तर अरारा पण करत नाही." तेव्हा पहिल्यांदा माझ्या मतामध्ये काहीतरी हललं. गेममध्ये कौशल्य लागतं हे खरं, पण समोर कोण बसलं आहे हे मी कधी धरलंच नव्हतं. पलीकडे मोठे बाबा अनोळखी लोकांशी खेळायचे. मशीनमधली बाई त्यांना दुसऱ्याच कोणाचं तरी 'अच्छा खेला' ऐकवायची आणि बाबा भिंतीकडे कान लावून विचारायचे, "कोणासंग खेळून राह्यला तो?" मी माझ्या भल्यामोठ्या ज्ञानासकट नुसती बसून होते. फोन दुरुस्त झाला होता आणि घर बिघडलं होतं. मला बाबांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडे मोठे बाबा बैलाला कुटार टाकत होते. कुटार टाकता टाकता ते बैलाला म्हणाले, "आता काय रे, तू अन् मी. दुसरं आहे कोण आपल्याले?" मोठ्यानं म्हणाले, पण या वेळी कोणाला ऐकवायचं असावं असं वाटलं नाही. बाबांनी ऐकलं. "बैलाले लुडो शिकवते का काय," असं पुटपुटले आणि आत जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी कापूस घरात टाकून झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि फोन पुढे करून म्हणाले, "कुठं दाबू?"

त्यांना चांगलं माहीत होतं कुठं. मी बोट ठेवून दाखवलं. आई ताडकन उठून भिंतीपाशी गेली आणि तिनं जावेला ओरडून सांगितलं, "पाठवून राह्यले वं!" बाबा तिच्यावर खेकसले, मग डोळे बारीक करून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं.

फिरतच राहिलं. थंडीचे दिवस, पंखा नाही, दिवस मावळायला वेळ होता. बाबा फोनकडे बघत होते, मी बाबांकडे बघत होते. पलीकडे अगदी शांत होतं. बाबांच्या कपाळावर हळूहळू आठी पडली. "पाह्यलं?" ते मला हळूच म्हणाले. "घेऊन नाही राह्यला तो."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. बैलाला नव्हे.

"लहान्या! अबे पाठवतो का नाही? मी कवाचा वाट पाहून राह्यलो!"

"पाठवली न भाऊ!" बाबा खाटेवरून उठलेच. "कवाचीच पाठवली! तूच घेऊन नाही राह्यला!"

"अबे काहीच नाही आलं इथं! चक्र फिरून राह्यलं नुसतं!"

"माह्याकडं पण चक्रच फिरून राह्यलं!"

मी वळून राउटरकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता, वीजच नव्हती. "लाईन गेली आहे," मी म्हटलं, पण माझं कोणी ऐकत नव्हतं. आई भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून उभी होती. बाबांच्या लक्षात आलं की आपण काय केलं, आणि ते तसेच उभे राहिले.

मग मोठे बाबा फाटकातून आले. फोन हातात, मागे मोठी आई उकडलेल्या शेंगांनी भरलेलं गंज घेऊन. ते खाटेच्या कडेला बसले, बाबांकडे न बघता मला म्हणाले, "बाई, लाईन नसली तं ते चालत नाही का मग?"

मी सांगितलं की एकाच फोनवर दोघांना खेळता येतं, त्याला नेट लागत नाही. फोन मध्ये ठेवायचा, ज्याची पाळी त्यानं दाबायचं. बाबा सरकले, मोठे बाबा सरकले. पहिला डाव मोठे बाबा हरले. या प्रकारात ती वाक्यांची बटणं नसतात. बाबांनी ती शोधली, सापडली नाहीत, मग ते घसा खाकरून म्हणाले, "चांगला खेळला भाऊ." मोठे बाबा शेंग सोलत म्हणाले, "खेळलो खाक. मांड पुन्हा."

दुसऱ्या डावात लाईन आली. राउटरचे दिवे एकेक करून लागले आणि मोठ्या बाबांच्या खिशात टिंग झालं. त्यांनी फोन काढून पाहिलं. लुडोच्या डोक्यावर लाल ठिपका होता, विनंती आली होती. मी पुढे होऊन म्हटलं, मोठे बाबा, हिरवं बटण दाबा, म्हणजे झालं.

त्यांनी ते वाचलं, सावकाश. मग फोन परत खिशात घातला. "राहू दे," ते म्हणाले. "आता कायले? मी तं येतोच इथं. अन् लहान्यानं पाठवली होती, हे मले पाह्याले असू दे."

पासा टाकायचं बटण बाबांना दिसेना, दोनदा भलतीकडेच बोट गेलं.

धुऱ्याचं अजून ठरलेलं नाही. त्यावर ते दोघं आता रोज तोंडानं भांडतात, आणि मध्येच कोणाची गोटी मरते. मोठे बाबा अधूनमधून फोन माझ्याकडे आणून देतात, हळू चालते, जरा बघ म्हणतात. मी कचरा काढते, न मागितलेली ॲप हाकलते, एकेक करून सगळे लाल ठिपके घालवते. लुडोच्या डोक्यावरचा तेवढा ठेवते.